केसांवर फुगे, कपाळावर आठ्या

मराठीच्या प्राध्यापकाला लग्नाला बोलावू नये. बोलावलंच तर डीजेपासून शंभर हात लांब, शक्यतो वांगी चिरणाऱ्या मंडळींत बसवावं. लग्नात डॉक्टर दिसला की लोक त्याला गुडघा दाखवतात, वकील दिसला की सातबारा काढतात आणि मी दिसलो की गाण्यांचे अर्थ विचारतात. डॉक्टर 'उद्या दवाखान्यात या' म्हणून सुटतो, वकील 'कागद बघावे लागतील' म्हणतो. मला पळायला जागा नाही. समोर स्पीकरची भिंत थरथरत असते, पोटातली वरण-बट्टी जागा बदलत असते, आणि कोणीतरी माझ्या कानाला तोंड लावून ओरडतं, "सर, ह्याचा अर्थ काय हो?"

गाण्याला अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट माणसाला वरातीतच का सुचतो, देव जाणे. मंगलाष्टकांच्या वेळी कोणी विचारत नाही. तिथे संस्कृत असतं, भटजींना सर्दी असते, माइक खरखरत असतो, तरी मंडळी माना डोलावत अक्षता टाकत असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा पुढच्या माणसाच्या टकलावर पडतात. बँडवाल्यांनी नागिणीची धून धरली तरी कोणाला शंका येत नाही. एरवी पतपेढीच्या मीटिंगमध्ये इतिवृत्ताचा शब्दन् शब्द तपासणारा सभ्य गृहस्थ रुमालाचं टोक दातात धरून रस्त्यावर लोळतो. वास्तविक 1954 च्या 'नागिन'मधली ती बीन मुळात बीनच नव्हे. कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे खोट्या बिनेवर खोटा नाग गेली सत्तर वर्षं खराखुरा लोळतो आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार शब्दांबद्दल.

आमच्या पिढीला ही खोड रेडिओने लावली. सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची. लहरी समुद्र ओलांडून, अख्खा दख्खन तुडवून जळगावला पोचेपर्यंत इतक्या दमलेल्या असायच्या की ऐन मोक्याच्या शब्दाला आवाज खोल विहिरीत जायचा आणि पुढच्या ओळीला वर यायचा. मधला शब्द आपापल्या मगदुराप्रमाणे भरायचा. माझ्या थोरल्या भावाच्या वहीत नायिका चांदण्यात भिजत होती. माझ्या वहीत तीच नायिका त्याच चालीत मेथी निवडत होती. भांडण आईकडे गेलं. ती म्हणाली, "मेथीच असेल. चांदण्यात भिजायला घरात कामं नाहीत का तिला?" खात्री करायची तर सिनेमाच्या थिएटराबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या. पण त्या छापणाऱ्यानेही गाणी बहुधा सिलोनवरच ऐकलेली असावीत. तिसराच शब्द निघायचा.

वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. जगातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी धातूपासून आलेला आहे, अशी त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेला पहिला तडा 'ईना मीना डीका'ने गेला. 1957 च्या 'आशा'तलं हे गाणं लागलं की ते जेवणाच्या ताटावरून उठायचे. त्याला चाल देणारे सी. रामचंद्र आपल्याच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, हे कळल्यावर तर त्यांना ते घरचंच दुखणं वाटू लागलं. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून ते शब्द सुचले आणि सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतलं 'मला नको' खुबीने बसवून दिलं, असं सांगतात. म्हणजे त्या गाण्यात अर्थ असलेला शब्द एकच, आणि तोही नकाराचा. वडिलांना हे सांगायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं असतं.

बरं, न कळणाऱ्या सगळ्याच गाण्यांना आपण सारखं वागवतो असंही नाही. त्यात मोठा जातिभेद आहे. गुलजार यांनी 'इजाजत'साठी लिहिलेल्या एका गाण्याचा कागद पाहून राहुलदेव बर्मन वैतागले आणि उद्या तू टाइम्स ऑफ इंडिया आणून त्याला चाल लावायला सांगशील, असं म्हणाले, ही गोष्ट संगीतवेडे मोठ्या आवडीने सांगतात. पुढे त्याच गाण्याने गुलजार आणि आशाबाई या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, आणि तेव्हापासून ते सगळ्यांना पहिल्याच ओळीपासून कळायला लागलं. ग्रेस यांच्या कविता हृदयनाथांच्या चालीत ऐकताना तर अर्थ विचारणं हा असभ्यपणाच. तिथे फक्त पहिली 'वा!' कोणाची, एवढीच स्पर्धा असते. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे ती माझ्याकडून आधी अपेक्षित असते, आणि अंधारात मी ती वेळेवर देतो. शेजारचा माझ्याकडे बघून देतो. त्याच्या मागचा त्याच्याकडे बघून. अशी ती लाट शेवटच्या रांगेपर्यंत जाते, आणि दारातला चहावालाही मान हलवतो.

हा मान बबल्याच्या वाट्याला आला नाही.

माझी सासुरवाडी धुळ्याची. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालं की बोली हळूहळू कूस बदलते. आमच्याकडची लेवा गणबोली, तिकडची पक्की अहिराणी. बाहेरच्याला दोन्ही सारख्याच वाटतात, आणि त्याचा राग मात्र दोन्हीकडच्यांना अगदी सारखा येतो. तर मेहुण्याच्या लग्नाला पुण्याहून आमचे साडू आले होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेला माणूस. ताटातल्या वरणालाही ते 'हे कुठल्या शीर्षाखाली?' असं विचारतील. हळदीच्या संध्याकाळी डीजेवाल्याने 'बबल्या इकस केसावर फुगे' लावलं आणि मांडवाचा नूर पालटला. आजारी म्हणून कोपऱ्यात बसवलेले चुलत सासरे उठले. आचारी झारा घेऊन आला. हळद लागलेला नवरदेव, ज्याला हलायचं नाही अशी सक्त ताकीद होती, तो बसल्या बसल्या खांदे उडवू लागला. सचिन कुमावत मंडळींचं हे गाणं यूट्यूबवर आलं आणि खान्देशाच्या शिवेबाहेर कुठल्या कुठे गेलं. ज्यांना धुळे नकाशात दाखवता येणार नाही, तेही त्यावर नाचले. फक्त भाऊसाहेब खुर्चीवर ताठ बसून होते. कपाळावर आठ्या.

"प्राध्यापक, हा कोण बबल्या?"

"गाण्यातला आहे."

"आणि केसांवर फुगे? म्हणजे डोक्यावर? कोणाच्या?"

मला अर्थ माहीत होता. पण प्राध्यापकाने एका वाक्यात उत्तर दिलं तर लोक म्हणतात, ह्याचा पगार कशाचा? म्हणून मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. "असं आहे भाऊसाहेब, अहिराणीत शब्दाच्या सुरुवातीचा 'व' बऱ्याचदा गळतो. वीसचे ईस होतात, विंचवाचा इच्चू होतो."

"चावतो तेवढाच ना?"

"तेवढाच. तसंच विकतोचं इकस."

"बरं. बबल्या विकतो. काय? फुगे. कुठे? केसांवर. हे स्थळ पटत नाही."

स्थळ नव्हेच ते, असं मी म्हणेपर्यंत डीजेवाल्याने आवाज वाढवला आणि माझं व्याकरण वाहून गेलं.

रात्री गच्चीवर सतरंज्या पडल्या आणि भाऊसाहेबांनी विषय पुन्हा पटलावर घेतला. मी "ह्यातला 'वर'..." एवढंच म्हणालो होतो, तोच वकील असलेले मामा सरसावले. "त्यात काय अवघड? केस म्हणजे कोर्टाची केस. बबल्याची बांधाची केस चालू आहे. तारखेमागून तारीख पडते, फी भागत नाही. म्हणून तो केसवर, म्हणजे केसपायी, फुगे विकतो. माझ्याकडे असे बरेच पक्षकार आहेत."

"फुगे विकणारे?"

"फुगे विकायची पाळी आलेले."

डॉक्टर मेहुण्यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते हे टाळूवर येणाऱ्या फोडांचं वर्णन होतं. पावसाळ्यात येतात, मलम लावलं की बसतात. मग तो ते विकतो कसे, असं भाऊसाहेबांनी विचारताच डॉक्टर थंडपणे म्हणाले, "पेशंट लक्षणं सांगताना काहीही सांगतो. आपण मुद्द्याचं तेवढं घ्यायचं." बँकेतून निवृत्त झालेले काका इतका वेळ आकाशाकडे बघत होते. ते एकदम उठून बसले. "अरे, हेअरकट! बुडीत कर्जात बँक जी सूट देते तिला हेअरकटच म्हणतात. आणि फुगे म्हणजे चलनफुगवटा. हे गाणं अर्थमंत्र्यांनी ऐकायला पाहिजे."

यावर टाळ्या पडल्या. काकांना निवृत्तीनंतर मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या असाव्यात. मी पुन्हा "ह्यातला 'वर' आहे ना..." म्हणून पाहिलं. पण दर गुरुवारी निरूपणाला बसणाऱ्या आमच्या मावससासऱ्यांनी हात वर केला होता, आणि त्यांनी हात वर केला की गच्चीवरचे डाससुद्धा गप्प होतात. "बबल्या म्हणजे जीव," ते डोळे मिटून म्हणाले. "केस म्हणजे केशव. फुगा म्हणजे देह. आत काय? वारा. कोणी भरला? आपण नाही. कधी फुटेल? सांगता येत नाही. तरी जीव तो फुगा केशवाच्या नावावर विकायला काढतो. सौदा कळला का?"

कोणीतरी खरोखरच हात जोडले. भाऊसाहेबांच्या आठ्या पहिल्यांदा सैल झाल्या. खाली डीजेवाल्याने वायरी तपासायला म्हणून त्याच गाण्याचा ठेका सोडला, आणि अर्धी गच्ची डोळे मिटून मंद मंद डोलू लागली. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात तोवर एका चर्चासत्राच्या निबंधाचं शीर्षक तयार झालं होतं. त्यात 'शोषित नायकाचा अवकाश' असे काहीतरी शब्द होते.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन वर आल्या. आम्ही जावई मंडळी त्यांना मामी म्हणतो. गच्चीवर एवढी शांतता बघून त्या घाबरल्या. कोणाचं काही कमीजास्त झालं की काय! भाऊसाहेबांनी त्यांना केशव, देह आणि वारा समजावून सांगितला. मामींनी ट्रे खाली ठेवला.

"इतला शिकेल-सवरेल माणसं तुम्ही! तुमना घरमा जुन्या साड्यांवर पातेलं लेतस ना?"

"घेतो. म्हणजे हिच्याकडे बोहारीण येते."

"मंग? तसा केसवर फुगा. केस द्या, फुगा ल्या." आणि त्या कपबशा मोजायला लागल्या.

गच्चीवर जे पसरलं त्याला सन्नाटा म्हणतात. साड्यांवर पातेलं, रद्दीवर चमचे, हा 'वर' भाऊसाहेबांच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात गेली चाळीस वर्षं नांदत होता. त्याच्या जोरावर आलेली चार पातेली, एक परात आणि झाकणाला दांडी नसलेला कुकर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. बायका विंचरताना गळणारं गुंतवळ साठवून ठेवतात, फेरीवाला येतो, ते घेतो आणि बदल्यात पोरांना फुगे देतो. बबल्या हा फेरीवाला. संपलं.

"एवढंच?" भाऊसाहेब म्हणाले.

त्या 'एवढंच'मध्ये फार मोठी निराशा होती. मावससासरे तर चहा न घेता खाली गेले. माझं निरीक्षण असं आहे की न कळलेल्या गाण्यावर माणूस जितकं प्रेम करतो, तितकं कळलेल्यावर करत नाही. ग्रेस यांच्या बाबतीत 'एवढंच?' म्हणायची वेळ कधी येत नाही, हे त्यांचं केवढं सामर्थ्य!

पण लेखापरीक्षक मूळ व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करत नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची सोय झाली. कॅप्टन ब्रिग्जने इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला नवं धुळं आखलं. जुन्या धुळेकरांचा पत्ता अजून गल्ली नंबरने सुरू होतो. त्या सरळसोट गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल दिसली की शेवटच्या घराला तयारीला भरपूर वेळ मिळतो. केसवाला आला. मागच्या कॅरिअरला बांबू, बांबूला फुगे, हँडलला भोंगा. भोंग्यात त्याचाच टेप केलेला आवाज. मोटरसायकल थांबली तरी आवाज ओरडतच होता, आणि तो स्वतः मात्र गप्प उभा होता. मामींनी न्हाणीघराच्या दारामागच्या खिळ्यावरून एक कॅरीबॅग काढली. बोटाला गुंडाळून केलेल्या केसांच्या छोट्या छोट्या गुंडाळ्या, वरच्या पांढऱ्या, खाली खाली जावं तसतशा काळ्या. पिशवी उलटी केली तर मामींचं चरित्रच बाहेर पडलं असतं.

केसवाल्याने एक गुंडाळी सोडून दोन्ही हातांनी ताणून पाहिली. झटकली. वास घेतला. दुसरीतून एक लाल दोरा काढून मामींसमोर धरला. "मावशी, पांढरे जास्त आहेत."

"उन्हात बसून पिकवलेत का मी? वय झालं."

"आणि ओलसर वाटतात."

मामी काल रात्री तत्त्वज्ञांना जशा सामोऱ्या गेल्या होत्या, तशाच याही आरोपाला गेल्या. काट्याला पिशवी अडकवली. काटा हलतोय न हलतोय. तो म्हणाला एक फुगा, मामी म्हणाल्या तीन. भाऊसाहेब मध्ये पडले. दर ग्रॅमवर की नगावर? काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का? फुगा लहान घेतला तर फरकाची रक्कम मिळते का? केसवाल्याने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बबल्या तो तुम्हीच का?" भाऊसाहेबांनी शेवटी विचारलं.

"गाणं आल्यापासून सगळे हेच विचारतात हो," तो कंटाळून म्हणाला. "साहेब, तुमच्या घरचे काही असतील तर..." असं म्हणत त्याने धंद्याच्या सवयीने नजर वर नेली. भाऊसाहेबांचं टक्कल सकाळच्या उन्हात लखलखत होतं. "असू द्या," तो म्हणाला, आणि न मागता एक फुगा त्यांच्या हातात ठेवला. मामींना दोन मिळाले. सौदा तीनवर तुटला असं दोन्ही बाजूंना वाटलं, त्यामुळे दोघेही खूश.

हे केस पुढे जातात कुठे, हा प्रश्न भाऊसाहेबांनी मोटरसायकल वळल्यावर काढला. आमच्या भाच्याने मोबाइल उघडला. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादकडे, कर्नाटकातल्या कोप्पळकडे या गुंतवळाच्या गाठी सोडवून, लांबीप्रमाणे वेगळ्या करून, धुऊन विंचरून जुड्या बांधणारी हजारो माणसं आहेत. तिथून केस टोपांसाठी परदेशी जातात. चीन हे त्यातलं मोठं गिऱ्हाईक. कच्चे केस फार स्वस्तात बाहेर जातात अशी ओरड झाली, तेव्हा 2022 च्या जानेवारीत सरकारने निर्यातीवर निर्बंधही घातले. भाचा वाचत गेला तसतशा मामी गंभीर झाल्या. "मना केस चीनले गयात," त्या म्हणाल्या, "अन मी शिर्डीना पुढे गई नही!"

बबल्या निकालात निघाला, पण लग्न अजून बाकी होतं. बारा पस्तीसचा मुहूर्त होता. मुहूर्त हा आमच्याकडे वरात घरून कधी निघाली नाही हे मोजण्यासाठी असतो. बारा पस्तीसला नवरदेव मारुतीच्या देवळासमोर होता, घोडीला घाम फुटला होता, आणि डीजेवर 'हाई झुमकावाली पोर' लागलं होतं. माझ्या शेजारी मुंबईहून आलेली पोरंपोरी प्रत्येक 'हाई'ला काळजावर हात मारून घायाळ होत होती. आता ह्यात घायाळ होण्यासारखं काही नाही. 'हाई' म्हणजे 'ही'. दर्शक सर्वनाम. पाचवीच्या व्याकरणात येतं. त्यावर छातीवर हात मारून कोसळायचं तर 'तो', 'ती', 'ते'ने काय पाप केलंय? पण एका सर्वनामाला एवढी इज्जत मिळालेली मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. म्हणून भाऊसाहेबांना मी काही बोललो नाही. ते एव्हाना केसवाल्याचा फुगा मनगटाला बांधून चालत होते आणि प्रत्येक 'हाई'ला तो फुगा, म्हटलं तर वाऱ्याने, उडत होता.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी मामींची परतफेड करायचं ठरवलं. 2011 मध्ये गाजलेलं 'कोलावेरी डी' मोबाइलवर लावून विचारलं, "ह्याचा अर्थ सांगा बघू." मामी वांग्याची भाजी वाढत होत्या. त्यांनी थोडं ऐकलं. "कोणीतरी दारू पिऊन रडतोय." वास्तविक ते बरंचसं बरोबर होतं. भाऊसाहेबांनी खुलासा केला की तो तमिळ शब्द आहे आणि त्याचा अर्थ खून चढावा इतका राग. मामींचा पळा हवेत थांबला.

"मंग त्याना वर लोके नाचतस कसाले?"

आख्ख्या पंगतीत कोणाकडे उत्तर नव्हतं. मी मान खाली घालून बट्टी कुस्करली.

परतताना भाऊसाहेब दोन दिवस आमच्याकडे जळगावला राहिले. त्यांना आता शास्त्रीय पद्धतीने जायचं होतं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे 'इकस'चा छडा लावून येऊ, असा त्यांचा बेत होता, तो मी मुश्किलीने मोडला. इतिहासाचार्य राजवाडे शब्दांच्या व्युत्पत्तीत असे शिरत की समोरच्याला बाहेर पडायची वाट राहत नसे. 1926 साली ते धुळ्यातच वारले, नाहीतर बबल्याला त्यांनी थेट पाणिनीच्या दारात नेऊन उभा केला असता. जळगावात भाऊसाहेबांना मी काव्यरत्नावली चौक दाखवला. 1887 साली ना. न. फडणीस यांनी या गावातून 'काव्यरत्नावली' हे निव्वळ कवितांचं मासिक सुरू केलं आणि पुढे अनेक दशकं चालवलं. त्याचं नाव आम्ही चौकाला दिलंय. "कवितेच्या नावाने चौक?" भाऊसाहेब भारावले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोराला 1907 मध्ये इथल्याच कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, हेही मी सांगितलं. आसोद्याच्या बहिणाबाई तर इथून हाकेच्या अंतरावरच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. भाऊसाहेब नतमस्तक व्हायच्या बेतात होते, इतक्यात चौकातून एक वरात वळली. कुठलं गाणं लागलं होतं ते सांगायला नको.

"काय हो," भाऊसाहेब कानावर हात ठेवून ओरडले, "बहिणाबाईंचे शब्द तरी आम्हाला कुठे सगळे कळतात? पण पुस्तकात खाली शब्दार्थ असतात!"

मुद्दा बिनतोड होता. डीजेच्या खाली शब्दार्थ नसतात. एक जनरेटर असतो आणि त्यावर बसलेला एक मुलगा, जो दोन्ही कानांत बोळे घालून मोबाइलवर क्रिकेट बघत असतो.

पुण्याला पोचल्यावर भाऊसाहेबांच्या अंगात बबल्या पुरता भिनला. सकाळच्या हास्यक्लबात त्यांनी 'खान्देशातील वस्तुविनिमय' या विषयावर बोलून तिथलं हसू बंद पाडलं. बोहारणीला अडवून 'वर'चा विभक्तिविचार सांगितला, तेव्हापासून ती त्यांच्या बिल्डिंगमध्ये येत नाही म्हणतात. परवा रात्री त्यांचा फोन आला. मामी आमच्याकडेच होत्या, म्हणून मी स्पीकर लावला.

"प्राध्यापक, नातवाच्या शाळेत गॅदरिंगला आपलं गाणं घेतलंय."

"छान."

"छान काय? बाईंना अर्थच माहीत नाही! मी दोन फूलस्केप भरून लिहून दिलं. केस म्हणजे गुंतवळ, वर म्हणजे बदल्यात, मुर्शिदाबाद, कोप्पळ, निर्यातबंदी, सगळं. बाई म्हणाल्या, काका, खूपच उपयुक्त माहिती, पण आम्ही मुलांच्या केसांवर खरेखुरे फुगे लावतोय, स्टेजवर उठून दिसतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "नातू पहिल्या रांगेत आहे हो," भाऊसाहेब आवाज उतरवून म्हणाले. "त्याचा फुगा सारखा निसटतो. म्हणून विचारतोय, तो केसांना पक्का कसा बसवायचा? आकड्यांनी धरेल की सरळ सेफ्टी पिन मारू?"

मामींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पिन लावशात तं फुगा फुटी जाई ना!"